पडलेले विमान लगेच उचलू नये

भातकापणी उरकली की मुरबाडकडची शेते मोकळी होतात आणि आम्ही बापलेक ओळखीच्या शेतकऱ्याला विचारून, वारा सुटण्याआधी पोहोचता यावे म्हणून, ठाण्याहून अंधारातच रिमोटवर उडणारे मॉडेल विमान घेऊन निघतो. मागच्या हंगामात मुलीने हातातून सोडताच विमानाने नाक वर केले, मी एलेव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीवरची झडप) पूर्ण खाली देऊनही ते वरच चढत राहिले, वेग संपला, डावा पंख कलला आणि विमान बांधावर आदळले.

"सिग्नल गेला," मी म्हणालो. विमान पडले की सगळेच आधी असे म्हणतात, आणि ते बहुतेक वेळा खरे नसते.

मुलगी धावत उचलायला निघाली होती, तिला थांबवले. थ्रॉटल शून्यावर आणून, तुकडे होते तिथेच ठेवून आम्ही फोटो काढले. प्रोपेलरची दोन्ही पाती तुटली होती, म्हणजे आदळताना मोटर फिरत होती. सिग्नल गेला असता तर फेलसेफने, म्हणजे सिग्नल तुटल्यावर आपोआप चालणाऱ्या सोयीने, ती बंद केली असती. नाक फोडून बाहेर पडलेल्या बॅटरीत 12.2 व्होल्ट होते, म्हणजे ती संपलेली नव्हती. मग बॅटरीच्या कप्प्यात, मागच्या थर्माकोलवर, बॅटरीच्या कोपऱ्याच्या आकाराचा ताजा खळगा मुलीला दिसला. आदळल्यावर बॅटरी पुढे फेकली जाते, मागे नाही. त्यामुळे तो खळगा विमान सोडतानाच्या झटक्याने पडलेला होता.

बॅटरी धरून ठेवणारा वेल्क्रो जुना झाला होता. 900 ग्रॅमच्या विमानात 180 ग्रॅमची बॅटरी 7 सेंटिमीटर मागे सरकली, की गुरुत्वमध्य 14 मिलिमीटर मागे जातो. आमच्या पंखाची रुंदी 200 मिलिमीटर असून गुरुत्वमध्य पुढच्या कडेपासून 60 मिलिमीटरवर ठेवलेला होता, तो 74 वर गेला. शेपटीकडे इतके जड झालेले विमान सावरणे माझ्या हातात उरलेच नव्हते. तुकडे आधी गोळा केले असते, तर तो खळगा वाहतुकीतल्या ओरखड्यांत हरवला असता आणि मी नवा रिसीव्हर विकत घेऊन तोच जुना वेल्क्रो पुन्हा वापरला असता, याची मला खात्री आहे.

पंख चिकटवायला दोन संध्याकाळी लागल्या. आता बॅटरीभोवती पट्टा असतो, मागे लाकडी अडसर असतो, आणि सोडण्याआधी मुलगी विमान उभे धरून, नाक आभाळाकडे करून, दोनदा जोरात हलवते.