दोन पट्ट्यांच्या मधला सूर

परभणीत सून म्हणून येऊन मला सोळा वर्षे झाली, तरी गल्लीतल्या शेजारणी अजून "तुमच्याकडं असं असतंय का?" असे विचारतात, आणि या "तुमच्याकडं"चा अर्थ मिरज असा असतो. उलट मिरजेला गेले की माझ्या तोंडून नकळत "हाव" निघून जाते आणि भावजया एकमेकींकडे पाहून हसतात. येसराची आमटी मला आता सासूबाईंपेक्षा बरी जमते, उन्हाळ्यात नळाला पाणी येण्याचे दिवस मला गल्लीत सर्वांत आधी ठाऊक असतात, पण लग्नाच्या पंगतीत माझी ओळख करून देताना अजूनही पहिला शब्द मिरजेचाच येतो. यात तक्रार नाही. कोणी मला कधी वाईट वागवले नाही. केवळ आपले धरले नाही, इतकेच.

घरी मी गाण्याचा वर्ग चालवते. मिरजेत तंबोरे बनवणाऱ्यांची गल्ली आमच्या घरापासून चार पावलांवर होती आणि माझे शिक्षण किराणा घराण्याच्या पद्धतीने झाले, म्हणजे एकेका स्वरावर थांबणे, त्याला उतावीळपणे न सोडणे. ज्या अब्दुल करीम खाँसाहेबांमुळे हे गाणे मिरजेचे म्हणून ओळखले जाऊ लागले, ते स्वतः उत्तरेतल्या कैरान्याचे. १९३७ साली ते गेले आणि त्यांची कबर मिरजेतच, मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात आहे. गावाने त्यांना इतके आपलेसे केले की लहानपणी मला ते बाहेरून आले होते हेच ठाऊक नव्हते. परभणीत आल्यावर मात्र ही गोष्ट मला वारंवार आठवू लागली, त्याचे कारण उघड आहे.

आमच्या वस्तीतून दर आषाढात साठ-सत्तर माणसांची एक लहान दिंडी पंढरपूरला निघते. एका वर्षी वर्गाला सुट्टी देऊन, भिशीचे पैसे भरून मी तिच्यात नाव नोंदवले. श्रद्धेपेक्षा कुतूहल अधिक होते, हे कबूल केले पाहिजे. पावसाने ओढ दिली होती, कापूस आणि सोयाबीन कसेबसे उगवून वाऱ्यावर हलत होते, आणि निम्म्या टाळकऱ्यांच्या बोलण्यात दुबार पेरणीशिवाय दुसरा विषय नव्हता. सामान ट्रॅक्टरमध्ये, पुढे पताका, मग टाळकऱ्यांच्या दोन रांगा, मधे पखवाज, त्यामागे वीणेकरी, आणि वीणेच्या मागे आम्ही बाया, कोणाच्या डोक्यावर तुळस, कोणाच्या डोक्यावर नुसता पदर.

पहिल्या दिवशी मी जे केले ते आठवले की अजून कान गरम होतात. मोबाइलवरचा तंबोरा काळी चारमध्ये, म्हणजे माझ्या नेहमीच्या पट्टीत, लावून मी इअरफोनची तार एका कानात अडकवली, कारण दिवसभर स्वतःचा सूर सुटू नये अशी माझी समजूत होती. दिंडीचा सूर माझ्या पट्टीपेक्षा बराच वर होता, शिवाय पेटीवर शोधला तर दोन पट्ट्यांच्या मधे कुठेतरी सापडला असता. वीणेकऱ्यांनी वीणा सकाळी कानाने लावलेली, उन्हाने तार उतरली की चालता चालता खुंटी पिळायची, आणि साठ माणसांनी बिनतक्रार त्या नव्या सुराला जाऊन मिळायचे. एका कानात काळी चार आणि दुसऱ्या कानात हा सरकता षड्ज, म्हणजे सा, असे दहा-बारा किलोमीटर मी काढले आणि दुपारच्या पंगतीपर्यंत माझे डोके दुखू लागले. मी तंबोरा बंद केला.

संध्याकाळी मुक्कामाच्या शाळेत हरिपाठ झाला. तिथे मी दुसरी चूक केली. एका चरणाच्या शेवटी, सवयीने, मी एक छोटीशी हरकत, म्हणजे स्वरांची झटकन वळणारी नक्षी, घेतली. ती चांगली होती, हे आजही सांगेन. पण तिच्यामुळे माझ्या शेजारच्या चार बाया पुढचा चरण उचलायच्या थांबल्या, मागची ओळ अर्धी राहिली, आणि पखवाजाला तालाचे एक आवर्तन नुसते वाजवत बसावे लागले. कोणी काही बोलले नाही. रांगेतल्या एका म्हाताऱ्या टाळकऱ्याने मान वळवून माझ्याकडे पाहिले, रागाने नव्हे, वाटेत गुरे आडवी आली की गाडीवान पाहतो तसे. त्यानंतर तीन दिवस मी तोंड उघडले नाही. टाळ वाजवले, ओठही हलवले, आवाज मात्र काढला नाही.

गंगाखेडला गोदावरीच्या काठी जनाबाईंच्या मंदिरात बायांची दिंडी जरा जास्त वेळ रेंगाळली. जनाबाई इथल्या. लहानपणी आईबापांनी तिला पंढरपुरास नामदेवांचे वडील दामाशेटी यांच्या घरी ठेवले आणि तिचा सारा जन्म परक्या घरचे दळण, कांडण, पाणी यांत गेला. स्वतःला ती नामयाची दासी म्हणवत राहिली. ज्या रस्त्याने आम्ही हौसेने चाललो होतो त्याच दिशेने ती पोर कधीतरी गेली असेल, आणि तिला परत यायचे नव्हते, हा विचार माझ्या मनात आला खरा, पण तो मी कोणापाशी बोलले नाही, कारण तेव्हा माझे मौन चालू होते.

परळीच्या वाटेवर माझ्या बाजूने एक आजी चालत होत्या. नाव सांगायचे कारण नाही. मिश्री लावायच्या, बोलायच्या कमी, आणि बोलल्या तर बहुधा पायांबद्दल. पखवाजी थकून ट्रॅक्टरवर चढला, टाळ थांबले, तेव्हा त्यांनी आपसूक ओवी धरली. जात्यावरची. घरात जाते राहिले नाही, पीठ गिरणीतून येते, तरी त्यांच्या हाताची मूठ अजून खुंटा धरल्यासारखी वळत होती. दोन-तीन ओव्या विठ्ठलाच्या, एक भावाची, आणि मग माझ्याकडे न पाहता:

पंढरीच्या वाटं कोण चालती मुक्यानं,
शिकल्याल्या बाईनं गाणं ठिवलं झाकून.

बाया खळखळून हसल्या. मला हसू आले नाही. खरे सांगायचे तर मला ते लागले, आणि लागण्याचे कारण हे की त्यात खोटे काही नव्हते. माझे गाणे मी सोळा वर्षे खरोखरच झाकून ठेवले होते, वर्गातल्या मुलींच्या परीक्षांसाठी तेवढे बाहेर काढायचे, पुन्हा घडी घालून ठेवायचे, आणि वर तक्रार करायची की इथे कोणाला माझे गाणे कळत नाही.

ओवीला ओवीनेच उत्तर द्यायचे असते, एवढे मला माहीत होते. ते सुचायला दोन दिवस लागले. त्या काळात अंबाजोगाई आले आणि गेले. आद्यकवी मुकुंदराजांची समाधी तिथे आहे, तिच्यावर खूप लिहिता येईल, पण मी त्या मुक्कामी पायाला तेल लावून संध्याकाळी सातलाच झोपले होते. एक गोष्ट तेवढी लक्षात राहिली. योगेश्वरी देवी कोकणातून परळीच्या वैजनाथाशी लग्न करायला निघाली, मुहूर्त टळला, वऱ्हाडाचे दगड झाले आणि ती इथेच राहिली, अशी कथा पुजारी सांगत होते. तिचे कितीतरी कुळाचारी आजही कोकणातले आहेत. "मंग ती कुठली म्हणायची?" असे आमच्यातल्या एकीने विचारले, आणि पुजाऱ्यांनी, प्रश्नच कळला नाही अशा चेहऱ्याने, "अंबाजोगाईची" असे सांगितले.

कळंब मागे टाकून येरमाळ्याकडे चालताना मी धीर केला. ओवीला ताल नसतो असे मी समजत होते, पण ती पावलांवर बसते. डावा पाय पडतो तिथे शब्द टेकवावा लागतो, नाहीतर दम पुरत नाही. पट्टी शोधायला मी थांबले नाही. आजींनी जिथे सोडले होते तिथून उचलले:

गाणं न्हाई झाकलं, घसा बसला धुळीनं,
तुमच्यात आले बाई, माझ्या मिरजंच्या बोलीनं.

"न्हाई काय? नाई म्हण," आजी म्हणाल्या, आणि लगेच पुढची ओवी धरली. एवढेच. कोणी वाहवा केली नाही, कोणी मागे वळून पाहिले नाही. पुढच्या ओवीचा दुसरा चरण सगळ्यांबरोबर मलाही उचलावा लागला आणि तो उचलताना माझी पट्टी कोणती होती हे मला सांगता येणार नाही. त्या रात्री मी वहीत त्या चालीचे स्वरलेखन करायला बसले. पहिला षड्ज कुठे मांडावा हेच ठरेना, तेव्हा नुसते शब्द लिहून वही मिटली.

पुढे बार्शी, कुर्डुवाडी. कुर्डुवाडीच्या रुळांपाशी मिरजेची गाडी मिळते. लहानपणी आम्ही तिच्याच मार्गाने पंढरपूरला यायचो, खिडकीतून शेतांतले भोपळे दाखवत वडील सांगायचे की हेच भोपळे वाळून आपल्या गल्लीत तंबोरे होतात. म्हणजे मिरजेचा सूरही अर्धा पंढरपूरच्या मातीतलाच. फाटक बंद होते, गाडी जाईपर्यंत आम्ही सगळ्या उभ्या होतो, आणि आजी रुळांकडे पाहत म्हणाल्या, "ही तुझ्या माहेराकडं जाती का? चांगलंय."

पंढरपुरात गर्दीमुळे आम्ही नामदेव पायरीपाशी डोके टेकले आणि कळसाचे दर्शन घेऊन वाळवंटात बसलो. तिथे आजींना त्यांच्या लेकीकडच्या विहीणबाई भेटल्या. माझ्याकडे बोट करून त्यांनी विचारले, "ही कोण?"

"आमच्या दिंडीतली हाय," आजी म्हणाल्या. "गळ्याचं काई सांगता येत नाई, पर पाय चांगले हायेत हिचे."