तुम्ही विचारलंत म्हणून: गच्चीवरचं बंद पडलेलं सोलर काढून टाकायचं का?

सोसायटीच्या कमिटीवरची माणसं हा प्रश्न हमखास विचारतात. बिल्डरने बसवून दिलेल्या पाणी तापवायच्या प्लेटा गच्चीवर धूळ खात पडल्यात, घरोघरी गीझर चालू आहेत, मग ते सगळं भंगारात द्यावं का? माझं उत्तर असं, की आधी कुठे बिघडलंय ते बघा. बहुतेक वेळा प्लेटा ठणठणीत असतात, दोष पाइपांत असतो.

दुपारी दोनला गच्चीवर जा. प्लेटांतून निघणारा पाइप, गरम पाण्याच्या टाकीतून खाली जाणारा पाइप आणि सर्वांत वरच्या फ्लॅटमधला गरम पाण्याचा नळ, असं तीन ठिकाणी तापमान तपासा. पाइपाला थेट हात लावू नका, उन्हाळ्यात पाणी सत्तर अंशांच्या वर जातं. प्लेटा तापल्यात पण टाकी थंड असेल, तर पाणी फिरत नाहीये. हवा अडकली असेल, क्षार साचले असतील किंवा पंपाचा सेन्सर गेला असेल. मुंबई महापालिकेचं तलावाचं पाणी मऊ, त्याने क्षार फारसे धरत नाहीत. टँकरचं किंवा बोअरचं पाणी त्याच टाकीत सोडत असाल, तर दुखणं तिथेच आहे.

टाकी गरम आणि वरच्या फ्लॅटचा नळ मात्र थंड, असं असेल तर प्रेशर पंप पाहा. गार पाण्याला पंप लावलाय आणि गरम पाणी नुसतं उतारानं येतंय, असं असलं की मिक्सर नळातून गार पाणी गरम लाइनीत घुसतं. एका घरातला नळ अर्धवट उघडा राहिला, तरी सगळ्या मजल्यांचं पाणी कोमट होतं. प्रत्येक फ्लॅटच्या गरम लाइनीवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी उलटं येऊ न देणारी झडप, हवा आणि दोन्ही लाइनींचा दाब सारखा हवा.

पण सोलर खरं मरतं ते खालच्या मजल्यांवर. एक इंची पाइपाच्या मीटरभर लांबीत जवळपास अर्धा लिटर पाणी मावतं. सात मजल्यांच्या इमारतीत पहिल्या मजल्यापर्यंत आडवा-उभा मिळून तीस मीटर पाइप होतो. म्हणजे गरम धार येईपर्यंत पंधरा लिटर, साधारण एक बादली, गार पाणी सोडून द्यायचं. पाणीकपातीच्या शहरात हे कोण करणार? माणसं गीझरचं बटण दाबतात, आणि वापर थांबला की देखभालीचे पैसेही कोणी मंजूर करत नाही.

यावर उपाय परतीच्या लाइनीचा. गरम पाण्याचा उभा पाइप तळाशी संपवायचा नाही, तिथून दुसरा पाइप वर टाकीपर्यंत न्यायचा आणि त्यावर छोटा पंप बसवायचा. इथे पाणी चढवायचं नसून भरलेल्या पाइपातून फिरवायचं असतं, त्यामुळे पाव ते अर्धा एचपी पुरतो. टायमर पहाटे साडेपाच ते नऊ ठेवा. त्याला थर्मोस्टॅटची जोड द्या, म्हणजे परतीचं पाणी चाळिसाच्या खाली गेलं की पंप सुरू, पंचेचाळिसाला बंद. चोवीस तास चालवलात तर दिवसभर कमावलेली उष्णता रात्रभर डक्टमध्ये उधळाल. पाइप सीपीव्हीसीचा, म्हणजे गरम पाणी सोसणाऱ्या प्लॅस्टिकचा घ्या. साधा यूपीव्हीसी गरम पाण्याने वाकतो. पाइपावरच्या, उष्णता धरून ठेवणाऱ्या रबरी आवरणाला ॲल्युमिनियमचा पत्रा हवाच, नाहीतर उन्हाने त्याचा भुगा होतो आणि उरलेलं कावळे उचकटतात.

सोलरच्या टाकीची हवेची नळी मोकळी आहे ना, हेही बघा. ती गार पाण्याच्या ओव्हरहेड टाकीतल्या पाण्याच्या पातळीपेक्षा उंच हवी. ती तुंबली आणि पाणी वेगाने उपसलं गेलं, तर टाकी आत चेपते. काचेच्या नळ्यांचं सोलर असेल तर टाकी धुतल्यावर भर दुपारी पाणी भरू नका, कोरड्या तापलेल्या नळ्या तडकतात. उजाडायच्या आत भरा.

आता हिशेब. एका घराला शंभर लिटर धरले, तर अठ्ठावीस घरांना २,८०० लिटर आणि सुमारे ५६ चौरस मीटर प्लेटा. हे पाणी वीस अंशांनी तापवायला रोज ६५ युनिट वीज लागली असती. तेवढ्याच जागेत विजेचं सोलर जेमतेम पाच-साडेपाच किलोवॉटचं बसतं आणि रोज सरासरी वीसेक युनिट देतं. पाण्याचं सोलर सरस दिसतं ना? पण मुंबईत मे महिन्यात गार पाण्याचा नळसुद्धा गरम असतो आणि पावसाळ्यात ऊन नसतं. खरी गरज दिवाळी ते होळी. विजेचं सोलर बाराही महिने लिफ्ट आणि पंपाचं बिल कमी करतं, आणि केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॉटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. म्हणून माझं मत असं: चार मजल्यांपर्यंतची इमारत आणि शाबूत टाकी असेल तर दुरुस्त करा. उंच इमारत आणि गळकी टाकी असेल तर मोह सोडा.

मुंबईचा हवामान कृती आराखडा मार्च २०२२ मध्ये आला. शहराच्या हरितवायू उत्सर्जनातला ७२ टक्के वाटा ऊर्जावापराचा, असं त्यातच म्हटलंय, आणि २०५० पर्यंत नेट झिरोचं, म्हणजे निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याचं उद्दिष्टही त्यातच आहे. तरी इमारतीच्या परवानगीतली सोलरची अट पुरी होते ती प्लेटा दिसल्या की. भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यावर त्या किती लिटर पाणी तापवतात हे कोणी मोजत नाही. परतीची लाइन नकाशातच सक्तीची केली, तर अर्धी दुखणी उद्भवणारच नाहीत.

काढायचंच ठरलं, तर स्टँडचे पाय उखडू देऊ नका. तिथूनच वॉटरप्रूफिंग फुटतं आणि जूनमध्ये वरच्या फ्लॅटचं छत गळतं. सिमेंटचे ठोकळे तसेच ठेवून स्टँड वरून कापायला सांगा. नवं सोलर त्यांवरच बसवता येईल का, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवून घ्या. भरलेल्या टाकीचं वजन उतरल्यावर स्लॅबवरचा भार तसाही घटलेला असतो, पण विजेच्या पॅनेलना पावसाळी वारा खालून उचलतो, त्याचं गणित वेगळं करावं लागतं.