घाईचे काय करायचे

सिस्टर आज शांतपणे ‘उद्या सकाळी सुरू करू’ म्हणाल्या, आणि तेव्हापासून मनात जे चालले आहे तो राग आहे की आणखी काही, हे अजून उमगलेले नाही. चौदा महिन्यांची मुलगी, न्यूमोनिया, वजन सहा किलोच्याही खाली, आणि दुपारी हाती आलेला एचआयव्हीच्या पीसीआर चाचणीचा पॉझिटिव्ह अहवाल. ऑक्सिजन, अँटिबायोटिक, इतर संसर्ग टाळण्यासाठीचे सेप्ट्रिन हे सारे चालू झाले होते. एचआयव्हीवरच्या औषधाच्या, डोलुटेग्राविरच्या, पाण्यात विरघळणाऱ्या गोळ्या तेवढ्या कुलपात होत्या आणि किल्ली ज्यांच्याकडे असते ते घरी गेले होते. मी चिडले. सिस्टर चिडल्या नाहीत.

त्यांचे बरोबर आहे हे मला ठाऊक आहे आणि तेच खुपते आहे. इथे केन्यातच झालेल्या आणि 2018 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रुग्णालयात दाखल मुलांपैकी निम्म्यांना एचआयव्हीची औषधे 48 तासांच्या आत दिली होती आणि उरलेल्यांना प्रकृती थोडी सावरल्यावर, एक-दोन आठवड्यांनी. सहा महिन्यांत एकूण सुमारे 21 टक्के मुले दगावली आणि दोन्ही गटांत म्हणावा असा फरक दिसला नाही. मग माझी ही तगमग कोणासाठी? इतक्या लांब यायचे, आईचा फोन पुन्हा राहून जायचा, आणि ज्याने काही बदलत नाही त्यासाठीच जिवाचा आटापिटा करायचा. असो.

घाईला अर्थच नसतो असेही नाही. दक्षिण आफ्रिकेतील ‘चेर’ चाचणीत वय बारा आठवड्यांच्या आत असलेल्या, वरवर ठणठणीत दिसणाऱ्या बाळांना वाट न पाहता औषधे दिली, तेव्हा त्यांच्यातील मृत्यू 76 टक्क्यांनी घटले होते. या मुलीच्या वाट्याला ते आठवडे आलेच नाहीत, कारण गरोदरपणातल्या तपासणीत आई निगेटिव्ह होती, लागण नंतर झाली आणि अंगावरच्या दुधातून मुलीपर्यंत पोचली. बाळाची चाचणी करायचे कोणाला कारणच नव्हते. उपचाराविना एचआयव्हीबाधित बाळांपैकी जवळपास निम्मी दुसरा वाढदिवस पाहत नाहीत. आता ती खाटेवर आल्यावर आम्ही धावपळ करतो आणि तिला काळजी म्हणतो. डॉक्टरच्या येरझाऱ्यांनी नातेवाइकांना धीर येतो, फार तर डॉक्टरलाही येतो. फुप्फुसांना त्याचे काही नसते. हे लिहिताना जरा हसूही आले.

किल्ली सकाळी सात वाजता येईल. त्याआधी मला त्या आईशी बोलायचे आहे, कारण तिचा चार वर्षांचा मुलगा मावशीकडे आहे, तो धडधाकट आहे आणि म्हणूनच त्याची तपासणी आजवर कोणी केलेली नाही. त्याला उद्याच घेऊन या, असे सांगणार आहे. सिस्टर म्हणतील, पुढच्या आठवड्याच्या क्लिनिकला येऊ दे की. तिथे मात्र मी ऐकणार नाही.