'काय करत होते' हा रकाना

"अरे, परत गेला तो."

बाईंचा फोन आला तेव्हा सकाळचे साडेसात झाले होते. 'तो' म्हणजे त्यांचा संगणक. आणि 'गेला' म्हणजे हँग झाला: पडदा होता तिथेच गोठला, माउस हलेना, कुठलीही की दाबली तरी उपयोग नाही, शेवटी पॉवरचं बटण दाबून धरायचं. महिन्याभरातली ही तिसरी तक्रार. आधी दोनदा जाऊन "आता नाही होणार, बाई" असं मी सांगून आलो होतो.

चिपळूणला माझं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. बाईंनी मला पाचवी ते सातवी मराठी शिकवलं. निवृत्त झाल्यावर त्यांनी एकच काम हाती घेतलं. त्यांच्या आईने जात्यावरच्या ओव्या वह्यांमध्ये उतरवून ठेवल्या होत्या, त्या टाइप करायच्या. अकरा वह्या. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी गावात शिरलं तेव्हा बाईंचा खालचा मजला बुडाला. वह्या माळ्यावरच्या पेटीत होत्या म्हणून राहिल्या. पण पुढचे कितीतरी दिवस घरात ओल होती, आणि चार वह्यांची शाई पसरली. आता तिथला एकेक शब्द भिंग धरून लावावा लागतो. त्यामुळे संगणक हँग झाला की बाईंचे डोळे दुखेपर्यंत लावलेल्या आठ-दहा ओळी जात. पुन्हा लावताना तोच शब्द तसाच लागेल याचीही खात्री नसे.

त्यांच्याकडे विंडोजऐवजी लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम मीच घातली, २०१४ साली. फुकट मिळतं हे एक कारण होतंच, पण इनस्क्रिप्ट या कीबोर्ड मांडणीने मराठी टाइप करायला काही वेगळं विकत घ्यावं लागत नाही आणि व्हायरसची कटकट नाही, हेही होतं. बाई दहा वर्षं त्यावर समाधानाने काम करत होत्या. हँग व्हायला लागल्यावर त्यांचा पुतण्या म्हणाला, "काकू, हे लिनक्समुळेच होतंय, काढून टाका." बाईंनी ते मला सांगितलं, पण काढायला सांगितलं नाही. माझ्यावर सोडलं. त्यामुळे मला ते जास्त लागलं.

पुरात जुना संगणक गेल्यावर मी त्यांना जुळवून दिला तो असा: सेकंडहँड बोर्ड, २०१८ सालचा ग्राफिक्स आतच असलेला प्रोसेसर, ८ जीबी रॅम, एक साधी हार्ड डिस्क. हार्ड डिस्क पुढे कुरकुरायला लागली आणि संगणक चालू व्हायला चार-चार मिनिटं लागू लागली, म्हणून मे २०२४ मध्ये तिच्या जागी एसएसडी, म्हणजे फिरणारा भाग नसलेली डिस्क, बसवली. त्याच बैठकीत डेबियन या लिनक्सच्या प्रकाराची बारावी आवृत्तीही टाकली. आठवड्याभराने हँग सुरू झालं. एकाच दिवशी दोन गोष्टी बदलल्या असल्या की नंतर दोष कोणाचा ते कळत नाही. हे मला माहीत असूनही मी तसं केलं होतं.

पहिल्या खेपेला मी रॅमकडे वळलो. कोकणात ते साहजिक आहे. खारी हवा, चार महिने पाऊस, रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर थर धरतो. त्या खोडरबराने घासून परत बसवल्या की निम्मे आजार जातात. पुरानंतरच्या वर्षभरात मी असे इतके बोर्ड हाताळले की हँग म्हटलं की ओल, हे गणितच डोक्यात बसलं होतं. पट्ट्या घासल्या, रात्रभर मेमटेस्ट, म्हणजे रॅमची तपासणी, लावला. सकाळी एकही चूक नाही. दुसऱ्या खेपेला तापमान बघितलं: नुसता चालू असताना ४१ अंश, भरपूर काम दिल्यावर ७० च्या आत. एसएसडीची तब्येत 'स्मार्ट' या डिस्कच्या स्वतःच्या तपासणीत ठणठणीत. अर्थिंग ठीक. मग स्ट्रेस-एनजी नावाचं हत्यार लावून प्रोसेसरच्या सगळ्या कोरांना, म्हणजे काम करणाऱ्या भागांना, सहा तास राबवलं. संगणकाने हूं की चूं केलं नाही. मी बाईंना निर्धास्तपणे सांगून निघालो, आणि दुसऱ्याच दिवशी तो हँग झाला.

म्हणून तिसऱ्या वेळी, एका रविवारी, दुकान बंद ठेवून दिवसभर त्यांच्याकडेच बसायचं ठरवलं. पाऊस लागला होता. मी खुर्ची टाकून लॉग, म्हणजे संगणकाने स्वतः लिहिलेल्या नोंदी, वाचत बसलो. डेबियन मागच्या प्रत्येक सत्राची, म्हणजे संगणक चालू केल्यापासून बंद होईपर्यंतची, नोंद जपून ठेवतं. जर्नल-सीटीएल या आज्ञेला विचारलं की सत्रांची यादी मिळते आणि प्रत्येकाची शेवटची ओळही. संगणक नीट बंद केला असेल तर शेवटी सेवा एकेक करून थांबल्याच्या ओळी असतात. इथे बहुतेक सत्रं मधेच तुटलेली. कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, कोसळल्याचा (कर्नल पॅनिकचा) एक शब्द नाही, हार्डवेअरच्या चुकीची (मशीन चेकची) तक्रार नाही, मेमरी संपल्याची हाकाटी नाही. काही सत्रांची शेवटची नोंद तर दर तासाला १७ व्या मिनिटाला चालणाऱ्या क्रॉनची, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप होणाऱ्या कामाची. रोजची, निरुपद्रवी.

लॉगमध्ये काही नाही म्हणून हात टेकू नयेत. मेमरी संपत आली असेल तर संगणक आधी रेंगाळतो, डिस्कचा दिवा सारखा लुकलुकतो. ड्रायव्हर बिघडला तर पडदा गोठतो, पण कर्नलला काहीतरी लिहायला बहुधा सवड मिळते. जिथे एक अक्षरही लिहायला वेळ मिळत नाही, तिथे घाव सॉफ्टवेअरच्या खाली बसलेला असण्याची शक्यता मोठी. पण खाली म्हणजे कुठे? रॅम, प्रोसेसर, डिस्क, सगळी तपासून झाली होती.

दुपारी बाईंनी जेवायला हाक मारली. कुळथाचं पिठलं आणि भात होता. हात धुऊन परत आलो तर पडद्यावरचं घड्याळ १:४२ वर थांबलेलं, आणि भिंतीवर दोन वाजून पाच मिनिटं. महिन्याभरात पहिल्यांदाच तो माझ्यासमोर हँग झालेला सापडला होता. कॅप्स लॉक दाबून पाहिला, दिवा लागेना. फोनवरून नेटवर्कने हाक मारली (पिंग केलं), उत्तर नाही. एसएसएचने दुरून आत शिरता येईना. ऑल्ट आणि सिस-आरक्यू धरून, कर्नल थेट ऐकतं त्या किया एकेक दाबल्या, काही नाही. म्हणजे पडदा नुसता अडकला नव्हता, कर्नलच जागेवर नव्हतं. चालू करून लॉग पाहिला. शेवटची नोंद १:१७.

"लिही हं वेळ," बाई मागून म्हणाल्या, "की मी लिहू?"

मी विचारलं, "तुम्ही लिहून ठेवता?"

त्यांनी टेबलाच्या खणातून दोनशे पानी वही काढून दिली. पट्टीने आखलेले चार रकाने. तारीख. वेळ. किती ओळी गेल्या. आणि चौथा: 'काय करत होते'. २६ दिवसांत २३ नोंदी. बाईंच्या त्याच सुबक, सरळ अक्षरात, ज्या अक्षरात त्यांनी माझ्या निबंधांवर शेरे लिहिले होते. दोन खेपा मी आलो, गेलो, आणि ही वही खणातच होती. मी कधी विचारलंच नव्हतं.

मी चौथा रकाना वरून खाली वाचत गेलो. 'कुकर लावायला उठले.' 'पोस्टमन आला.' 'डुलकी लागली.' 'शेजारच्या वहिनी.' 'देवपूजा.' 'फोनवर होते.' आणि पाच-सहा ठिकाणी एकच वाक्य: 'वही बघत होते, अक्षर लागत नव्हतं.'

एकदाही 'टाइप करत होते' नाही.

ती यादी वाचताना अंगावर काटा आला, हे अतिशयोक्तीने सांगत नाही. संगणक राबत असताना कधीच हँग होत नव्हता. तो रिकामा असताना होत होता. आणि मी काय केलं होतं? मेमटेस्टने रात्रभर राबवला, स्ट्रेस-एनजीने सहा तास राबवला. माझी प्रत्येक तपासणी प्रोसेसरला जागं ठेवत होती, आणि तो जागा असेपर्यंत दुखणं दिसणारच नव्हतं.

प्रोसेसरला काम नसलं की तो झोपतो, आणि झोपेचे टप्पे असतात. त्यांना सी-स्टेट म्हणतात. सगळे कोर एकदम रिकामे झाले की तो सर्वात गाढ टप्प्यात जातो आणि त्याची विजेची मागणी जवळपास शून्यावर येते. टाइप करणारं माणूस शब्दापाशी अडून पाच मिनिटं भिंगातून वही बघत बसलं, तर तेवढ्यात प्रोसेसर गाढ झोपेत उतरतो. संगणकाच्या सगळ्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्याला, एसएमपीएसला, ही अवस्था पेलवली पाहिजे. जुन्या एसएमपीएसची रचनाच अशी की १२ व्होल्टच्या बाजूला किमान काही भार असेल तरच त्याचे व्होल्टेज स्थिर राहतात. जुन्या मानकात ही किमान मर्यादा ०.५ अँपिअरच्या घरात होती. २०१३ साली आलेल्या प्रोसेसरांची गाढ झोप ०.०५ अँपिअरवर उतरली, तेव्हापासून एसएमपीएस बनवणारे त्या हिशेबाने माल करायला लागले.

मी कॅबिनेट उघडलं आणि एसएमपीएसचं लेबल वाचलं. २००९.

तो मीच बसवला होता. पुरानंतर सगळ्यांनाच एकदम संगणक हवे होते, माल मिळत नव्हता, बाईंच्या हातात पैसे नव्हते. वह्या ज्या माळ्यावर राहिल्या, त्याच माळ्यावर त्यांचा एक जुना कॅबिनेट होता. त्यातला एसएमपीएस कोरडा होता, मोजला तर व्होल्टेज बरोबर, म्हणून तो घातला. त्या वेळी ते योग्य वाटलं. तीन वर्षं चाललाही.

मग आत्ताच का? उत्तर कॅबिनेटच्या रिकाम्या खणात होतं, जिथे मे महिन्यापर्यंत हार्ड डिस्क होती. साध्या हार्ड डिस्कची मोटर १२ व्होल्टवर फिरते. काढलेल्या डिस्कवर ०.५५ अँपिअर छापलेलं होतं. एसएसडीला ५ व्होल्ट पुरतात. म्हणजे ती कुरकुरणारी डिस्क तीन वर्षं नुसती फिरून एसएमपीएसवर थोडा भार ठेवत होती. मी ती काढली आणि तो आधार गेला.

बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगांत, शिरलो तर 'पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल' नावाचा पर्याय होताच. बोर्ड बनवणाऱ्यांनी तो दिला आहे, म्हणजे असा प्रसंग त्यांना ठाऊक आहे. तिथे 'टिपिकल करंट आयडल' निवडलं की प्रोसेसर रिकाम्या वेळीही थोडी वीज खेचत राहतो. तेवढं करून मला घरी जाता आलं असतं. पण दोनदा खात्री देऊन झाली होती, आणि पुतण्याच्या म्हणण्याचाही निकाल लावायचा होता, कारण नवीन कर्नलवर संशय राहिला असता. म्हणून बायोसला हात लावला नाही. बाईंकडे ठेवलेली जुनी डिस्क मागवली आणि तिला फक्त विजेची तार जोडली. डेटाची केबल नाही. संगणकाला ती डिस्क दिसतही नव्हती, ती नुसती फिरत होती. बाकी काहीही बदललं नाही. तेच डेबियन, तेच कर्नल.

"पाच दिवस असाच चालू ठेवा," मी म्हटलं. "आणि वहीत लिहा."

पाच दिवस वहीत एकही नोंद नाही. सहाव्या दिवशी मी जाऊन डिस्कची तार काढली. त्याच संध्याकाळी, दिवेलागणीला, हँग. दुसऱ्या दिवशी दोनदा. परत तार जोडली, परत शांत.

नवा एसएमपीएस मी चिपळुणातूनच आणला. बसवताना बाई शेजारी उभ्या होत्या, तेव्हा त्यांना सगळं सांगितलं: दोष लिनक्सचा नव्हता, एसएसडीचाही नव्हता, जुना एसएमपीएस घालण्याचा निर्णय माझा होता, आणि तुमची वही मी पहिल्याच दिवशी मागायला हवी होती. पैसे घेणार नाही म्हणालो. त्यांनी ऐकून घेतलं. एसएमपीएसचे पैसे टेबलावर ठेवले आणि म्हणाल्या, "मजुरी नको घेऊस. पण वस्तू मी विकत घेतली, तर ती माझी होते." त्यावर मला बोलता आलं नाही.

निघण्याआधी लिबरऑफिसमध्ये दर दहा मिनिटांनी आपोआप होणारं सेव्ह दोन मिनिटांवर आणलं. हे तर पहिल्याच खेपेला, काहीही तपासायच्या आधी करायला हवं होतं. कारण सापडायला महिना लागला तरी चालतं, पण तोवर त्यांच्या ओळी जायला नको होत्या. वहीच्या तिसऱ्या रकान्याची बेरीज बाईंनी स्वतःच करून ठेवली होती: १८७ ओळी. त्यातल्या बहुतेक त्यांनी पुन्हा लावल्या. नऊ शब्द पहिल्यांदा लागले होते ते दुसऱ्यांदा लागले नाहीत. त्या जागी त्यांनी टिंबं ठेवली आहेत.

गणपतीत दर्शनाला गेलो तेव्हा सवयीने सत्रांची यादी काढून पाहिली. ऑगस्टपासूनचं प्रत्येक सत्र नीट बंद झालेलं, एक सोडून; त्या दिवशी वादळात वीज गेली होती आणि इन्व्हर्टर उतरला होता, हेही वहीत लिहिलेलं आहे. बाई सातव्या वहीवर आहेत. जुनी डिस्क त्यांनी फडक्यात गुंडाळून परत माळ्यावरच्या पेटीत ठेवली आहे.