गुडघा दुखतोय, मग पाऊल कशाला बघता?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. नौपाड्यातल्या माझ्या क्लिनिकमध्ये गुडघा दाखवायला आलेले बहुतेक काका-काकू हे विचारतातच.

गुडघा बिचारा मधल्या मध्ये भरडला जातो. घोटा आखडलेला असला की ठाणे स्टेशनचा पूल उतरताना नडगी पुरेशी पुढे झुकत नाही. मग पाऊल आत कलतं आणि गुडघाही आत वळतो. वरून खुब्याचा त्रास वेगळाच. खुब्याकडे आणि गुडघ्याकडे जाणाऱ्या नसा काही अंशी एकच, त्यामुळे खुबा झिजलेला माणूस गुडघ्याचे एक्स-रे काढत फिरतो.

मी मूळची फिजिओ, ऑस्टिओपॅथी (हाताने स्नायू-सांधे तपासून हातानेच उपचार करायची पद्धत) नंतर शिकले. अँड्र्यू टेलर स्टिल या अमेरिकन डॉक्टरांनी ती १८७४ मध्ये मांडली. त्यांचे सगळे दावे मला पटत नाहीत, पण हाताने तपासायची शिस्त पटते: स्नायूचा पोत, दोन्ही पायांतला फरक, हालचाल कुठे अडते, दाबल्यावर कुठे दुखतं.

शिकताना सगळ्यात वेळ खाल्ला तो फिब्युलाच्या, म्हणजे नडगीशेजारच्या बारीक हाडाच्या, डोक्याने. गुडघ्याच्या जरा खाली, बाहेरच्या बाजूला बोटाला गोळीसारखं लागतं ते. घोटा हलला की तेही किंचित सरकतं, आणि पाय मुरगळल्यावर कधीकधी तिथेच जखडतं. चिमटीत धरून पुढे-मागे सरकवायचं, मग दुसऱ्या पायाशी ताडून बघायचं. वर्गात आम्ही सगळेच आधी जोर लावायचो. पण त्या हाडाच्या मानेला वळसा घालून पेरोनियल नस जाते. ती दाबली की पावलापर्यंत मुंग्या! हात हलका ठेवला तरच ती एवढीशी हालचाल कळते.

उपचारही तसेच, बिनआवाजाचे. (यूट्यूब बघून आलेल्यांना 'कट्' हवा असतो.) पोटरी आखडली असेल तर पाऊल अडेल तिथपर्यंत वर न्यायचं, रुग्णाने ते माझ्या हातावर ३ ते ५ सेकंद हलकेच दाबायचं, सोडायचं, की पाऊल आणखी थोडं वर जातं. असं तीन-चारदा.

मात्र एकच पोटरी सुजून गरम लागत असेल तर मी चोळत-दाबत नाही. शिरेत गुठळी असू शकते; आधी डॉक्टर. मुरगळल्यावर चार पावलंही टाकता येत नसतील, तर आधी एक्स-रे.

आणि हो, येताना सैल पॅन्ट घाला. घट्ट जीन्स वर सरकत नाही, आणि मला गुडघ्याच्या वरही बघायचं असतं.