चिठ्ठीत जाळाचा उल्लेख नव्हता

चिठ्ठीवर एवढंच होतं: मुलगी, वय २१ महिने, बोलत नाही, हाक मारली तर बघत नाही, अधूनमधून अंग ताठ करते. खाली तीन शंका. ऐकू येत नसेल? स्वमग्नता? फिट? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला ती बीड जिल्ह्यातल्या एका अंगणवाडीत तपासणीच्या वेळी आढळली आणि त्यांनी तिला जिल्हा रुग्णालयाच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवलं. तिथं मी मानसतज्ज्ञ म्हणून काम करते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. उपचाराशी संबंधित मात्र एकही नाही.

लेकरू आजीच्या कडेवर होतं. आई चार पावलं मागं, उजवा हात पदराखाली. वजन ८.२ किलो, दंडाचा घेर १२.१ सेंटिमीटर, म्हणजे मध्यम कुपोषण. हिमोग्लोबिन ८.४. ओळीत कुणाचा तरी स्टीलचा डबा पडला तशी ती दचकली. दचकून रडली नाही, आजीला बिलगलीही नाही. अंग गोठलं आणि फक्त डोळे दाराकडं फिरले. ज्याला ऐकू येत नाही ते लेकरू असं दचकत नाही. तरीही कानांची चाचणी केलीच, कारण अंदाजावर कान सोडून देता येत नाहीत. दुपारी ती झोपल्यावर ओएई ही कानात बारीक आवाज सोडून करायची चाचणी झाली, दोन्ही कान ठीक होते.

दचकण्यापेक्षा मला ते गोठणं महत्त्वाचं वाटलं. घाबरलेलं लहान मूल सहसा मोठ्या माणसाकडं धावतं. धावणं सोडून देऊन नुसतं पहारा देत बसतं, तेव्हा धावून उपयोग होत नाही हे ते कुठंतरी शिकलेलं असतं.

एवढ्या लहान मुलाच्या बाबतीत चार गोष्टी विचारायच्या असतात. आधी काय काय येत होतं? ते नेमकं कधी थांबलं? त्या सुमारास काय घडलं? आणि त्यानंतर कोणतं माणूस दिसेनासं झालं? चौथा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. आणखी एक पथ्य: घडलेलं मुलासमोर सांगू द्यायचं नाही. वर्षाच्या पुढच्या मुलाला शब्द थोडे कळतात, पण सांगणाऱ्याचा चेहरा, चढलेला आवाज, मांडीचा थरथराट सगळा कळतो. घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला हीच हकिकत तिच्यादेखत सांगितली गेली होती. आम्ही आजीला तिच्याजवळ ठेवलं आणि आईला सामाजिक कार्यकर्तीबरोबर शेजारच्या खोलीत बसवलं. दोघींना एकदम बाजूला नेलं असतं तर लेकराचा उरलासुरला आधारही गेला असता.

आईनं सांगितलं ते असं. दोघं नवरा-बायको एका कोयत्यावर, म्हणजे जोडीनं, ऊसतोडीला गेलेले. बांबू, पाचट आणि वर ताडपत्री अशी कोपी. जानेवारीत पहाटे चुलीची ठिणगी वाऱ्यानं पाचटावर गेली. आईनं पोरीला गोधडीतून एका हाताला धरून ओढलं, दाराबाहेर फेकलं, शेजारच्या कोपीतल्या बाईनं धरलं. आई थोरल्या मुलासाठी पुन्हा आत गेली. दोघं वाचले, पण तिचा उजवा हात आणि पाठ भाजली. तिला जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं. पोरीला ओरखडाही नव्हता, म्हणून तिचा केसपेपरसुद्धा निघाला नाही. तिसऱ्या दिवशी बापानं तिला गावी आजीकडं आणून सोडलं. आई पाच आठवड्यांनी आली. पोरीनं तिच्याकडं पाठ फिरवली.

आगीआधी ती चालायची, सात-आठ शब्द बोलायची, बोट दाखवून भाकरी मागायची. नंतर चार दिवसांत शब्द गेले, महिनाभरात घास तोंडात धरून बसायला लागली. आजी म्हणाली, "एवढंसं लेकरू, त्याला काय कळतंय बाई? नजर लागली म्हणून रोज दिवेलागणीला दृष्ट काढतेय. लई कडक नजर हाय, धूर निघाला की ताठच होतंय बघा." मीठ, मोहरी आणि मिरच्या निखाऱ्यावर टाकून रोज संध्याकाळी तिच्यासमोर धूर केला जात होता. ज्याला फिट म्हटलं गेलं ते हेच ताठणं.

मग खेळाची खोली. लहान मुलासमोर खेळण्यांचा ढीग ओतला की ते काहीच निवडत नाही. सतरंजीवर मोजकं ठेवलं: दोन बाहुल्या, एक मोठी एक लहान, कापडाचा तुकडा, वाटी-चमचा, प्लास्टिकचा ट्रॅक्टर. समोर बसायचं नाही, तिरकं बसायचं. टक लावून बघायचं नाही, पहिली पंधरा-वीस मिनिटं काही सुचवायचं नाही. आजी भिंतीला टेकून. बराच वेळ ती हललीच नाही. मग तिनं कापड लहान बाहुलीवर घातलं. बाहुलीचा एक हात धरला, फरफटत उंबऱ्यापर्यंत नेली आणि बाहेर टाकली. परत आणली, कापड घातलं, हात धरला, ओढली, टाकली. पुन्हा तेच. चेहऱ्यावर काहीच नाही, तोंडातून आवाज नाही.

आई शेजारच्या खोलीच्या दारात उभी होती. "मी अश्शीच वढली हुती," एवढं म्हणून ती खाली बसली. हे पोरीला कुणी करून दाखवलेलं नव्हतं. घडलं तेव्हा ती १६ महिन्यांची होती.

सांगण्याजोगी आठवण साधारण अडीच-तीन वर्षांच्या पुढं टिकायला लागते, कारण ती रचणारा मेंदूतला हिप्पोकॅम्पस हा भाग तोवर पुरता तयार नसतो. भीतीची नोंद घेणारा मेंदूचा दुसरा भाग, अमिग्डाला, मात्र फार आधीपासून कामाला लागलेला असतो. म्हणून वास, आवाज, अंगावरचं वजन, हाताला बसलेला हिसका हे सगळं राहतं, पण त्याची गोष्ट होत नाही. वर्षाच्या आतलं मूल ते झोपेतून, दूध नाकारण्यातून, अंग आखडण्यातून दाखवतं. दीड-दोन वर्षांचं मूल खेळून दाखवू शकतं. मुलं एरवीही एकच खेळ शंभरदा खेळतात, पण त्यात हसू असतं आणि दर खेपेला काहीतरी बदलतं. आघाताचा खेळ बदलत नाही, त्यात मजा नसते आणि खेळून झाल्यावर मूल शांतही होत नाही. हा फरक पालकांनाही शिकवता येतो.

किल्लारीचा भूकंप १९९३ च्या ३० सप्टेंबरला झाला, तेव्हा सहा वर्षांखालच्या मुलांमधल्या आघातोत्तर तणावासाठी निदानाचे वेगळे निकषच नव्हते. ते २०१३ साली डीएसएम-५ या अमेरिकी मनोविकार निदान-पुस्तिकेत आले. त्या पहाटे ढिगाऱ्यातून काढलेली तान्ही मुलं आज तिशी ओलांडून गेली आहेत, हे आठवलं की जीव कासावीस होतो.

स्वमग्नतेची शंका मी लगेच खोडली नाही. स्वमग्नतेच्या प्राथमिक चाळणीसाठी असलेल्या, १६ ते ३० महिन्यांच्या मुलांच्या एम-चॅट प्रश्नावलीत अशी मुलगी हमखास 'धोका' दाखवते, कारण प्रश्नावली आज काय येत नाही ते मोजते, ते का गेलं हे नाही. दोन गोष्टी मात्र विरोधात होत्या. येत असलेलं सगळं एका घटनेनंतर काही दिवसांत गेलं होतं. आणि आजीनं वाटी वाजवली तेव्हा तिनं एकदा वाटीकडं, एकदा आजीकडं पाहिलं, म्हणजे दुसऱ्याबरोबर लक्ष वाटून घेणं शिल्लक होतं. तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं ठरवलं. फिटसाठी घरच्यांना मोबाइलवर व्हिडिओ काढायला सांगितला: डोळे कुणीकडं जातात, हाक मारल्यावर बघते का, हातपाय लयीत झटके देतात का, झोपेतही होतं का. ठरावीक धुरानं किंवा ट्रॅक्टरच्या आवाजानं येणारं आणि उचलून बाजूला नेल्यावर ओसरणारं ताठणं सहसा फिटचं नसतं. संशय उरला तर ईईजी, म्हणजे मेंदूच्या विद्युत लहरींची चाचणी. झोपेसाठी कुणीतरी खोकल्याचं गुंगीचं औषध दिलं होतं, ते बंद केलं. लोह आणि आहार बालरोगतज्ज्ञांनी सुरू केला. रक्त कमी असलं तरी लेकरू मलूल होतंच, दोन्ही वाटा एकदम चालाव्या लागतात.

खरा उपचार आईतून जाणार होता. रॉबर्टसन आणि बोल्बी या ब्रिटनमधल्या अभ्यासकांनी १९५० च्या सुमारास आईपासून तुटलेल्या लहान मुलांबद्दल लिहून ठेवलं आहे: आधी आकांत, मग खचणं, मग अलिप्तपणा. हा तिसरा टप्पा घरच्यांना शहाणपणा वाटतो. परतलेल्या आईला वाटतं, पोरगी मला विसरली. ती विसरलेली नव्हती. तिच्या लेखी गोष्ट अर्धीच राहिली होती: आईनं फेकलं, आई जाळात गेली, संपलं. परत आलेल्या बाईचा हात वेगळा, कातडीचा वास वेगळा. म्हणून त्याच दिवशी आईला सतरंजीवर घेतलं. पोरीनं लहान बाहुली बाहेर टाकली, की आईनं मोठी बाहुली तिच्यामागं बाहेर आणून शेजारी बसवायची आणि एकच वाक्य म्हणायचं, "आई पण बाहेर आली." हात धरून खेळवायचं नाही, पोरगी थांबली की आपणही थांबायचं. पहिल्या दिवशी तिनं मोठी बाहुली उचलून बाजूला ठेवली. तिला तेवढंही करू द्यायचं असतं.

घरी द्यायच्या सूचना आम्ही तोंडी सांगतो आणि आजीकडूनच वदवून घेतो. दृष्ट काढायची तर नुसत्या मीठ-मोहरीनं ओवाळून टाका, निखारा नको, धूर नको. गळ्यातला दोरा राहू द्या, त्यानं काही बिघडत नाही. दोऱ्यावरून वाद घातला की आजी पुढच्या वेळी येतच नाही. चूल पेटवण्याआधी तिला सांगा, मग पेटवा, तिच्या पाठीमागं कधीच नाही. जितक्या अंतरावर ती ताठत नाही तिथं आजीनं तिला घेऊन बसावं आणि दर चार-पाच दिवसांनी हातभर पुढं सरकावं. अंगावर जड गोधडी नको, आजीचं मऊ लुगडं. घास भरवणारं माणूस एकच. "जा की आईकडं" म्हणून ढकलायचं नाही. बाहेर जाताना नजर चुकवून पळायचं नाही, ती रडली तरी सांगूनच जायचं. आईनं भाजलेला हात झाकू नये. पोरीनं हात लावला तर म्हणावं, "इथं भाजलं होतं, आता बरं झालं."

आईला स्वतःला झोप नव्हती, जळका वास येत राहायचा. तिला मनोविकार विभागात वेगळं दाखवलं. आई सुन्न असेल तर लेकरू कुणाकडं बघून शांत होणार?

आई-मुलाला एकत्र घेऊन करायच्या उपचाराची सॅन फ्रान्सिस्कोत घडलेली पद्धत दर आठवड्याला, साधारण वर्षभर चालते. इथं एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी बघता पंधरा दिवसांतून एकदा, मध्ये आशाताईंचा फोन, एवढंच जमतं. तेवढ्यावरही झोप आधी सुधारली, मग खाणं. मोठी बाहुली बाजूला ठेवणं थांबलं, पुढं तीच दोन्ही बाहुल्यांना वाटीतून भरवायला लागली. शब्द सगळ्यात शेवटी आले. तीन महिन्यांच्या तपासणीत ती बोटानं मागत होती आणि एम-चॅटमधले बहुतेक प्रश्न निवळले होते.

अडचण दिवाळीच्या सुमाराची होती. उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतलेली, टोळी नेणारा मुकादम थांबत नाही, आईला जाणं भाग. ऊसतोड कामगारांच्या मुलांची संत भगवानबाबा वसतिगृहं शाळकरी मुलांसाठी आहेत, दोन वर्षांच्या लेकराला तिथं जागा नाही. तिला पुन्हा आजीकडं ठेवलं असतं तर आई दुसऱ्यांदा नाहीशी झाली असती. माझं मत स्पष्ट होतं: तिला आईबरोबर जाऊ द्या, जमलं तर आजीलाही न्या. कोपीला पाचटाऐवजी पत्रा, चूल दारापासून दहा पावलं लांब आणि वाऱ्यानं ठिणगी कोपीकडं येणार नाही अशा बाजूला, दाराशी कायम पाण्याचं पिंप. पत्र्याचा खर्च बाप करायला तयार झाला. कारखान्याजवळच्या अंगणवाडीसाठी आम्ही एक कागद दिला. त्यावर काय घडलं ते दोन ओळींत, धूर आणि ट्रॅक्टर यांनी ती ताठते, तेव्हा उचलून बाजूला न्या आणि आईला बोलवा, वजन दर महिन्याला घ्या, हकिकत तिच्यासमोर विचारू नका, आणि केंद्राचा फोन नंबर.