वाकडी रक्तवाहिनी आणि तीन सीडी

उजव्या डोळ्यासमोर वरून खाली राखाडी पडदा उतरला, पाचेक मिनिटे तसाच राहिला आणि आपोआप निघून गेला. त्याच सुमारास डाव्या हातातली किल्ली खाली पडली आणि ती उचलताना बोटांची चिमूट जुळेना. थोड्या वेळाने सगळे पूर्ववत झाले, म्हणून मी त्या दिवशी रुग्णालयात गेले नाही, ही माझी घोडचूक होती. अशी लक्षणे पूर्ण ओसरली तरी खरा पक्षाघात येण्याचा धोका पुढच्या ४८ तासांत सर्वाधिक असतो, हे दुसऱ्या दिवशी मला तपासणाऱ्या डॉक्टरांनी बऱ्याच कडक शब्दांत सुनावले.

एमआरआय, ईसीजी आणि रक्ततपासण्या विनासायास पार पडल्या. मानेच्या डॉप्लरमध्ये, म्हणजे ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह तपासण्याच्या चाचणीत, मात्र उजवी अंतर्गत कॅरोटिड धमनी ‘वाकडीतिकडी’ असल्याची नोंद आली आणि तिच्यातील रक्ताचा वेग सेकंदाला १५८ सेंटिमीटर निघाला. हा वेग १२५ च्या वर गेला की निम्म्याहून अधिक अरुंदपणाचा संशय घेतात, त्यामुळे अहवालात ‘५० ते ६९ टक्के ब्लॉकेज’ असे छापून आले आणि पाठोपाठ शस्त्रक्रियेचा विषय निघाला.

डॉप्लर ब्लॉकेज थेट मोजत नाही, तो वेग मोजतो आणि त्यावरून अरुंदपणाचा अंदाज बांधला जातो, ही गोष्ट मला तोवर ठाऊक नव्हती. कंठमण्याच्या वरच्या कडेच्या आसपास कॅरोटिड धमनी दुभंगते आणि तिची आतली शाखा मेंदूकडे व डोळ्याकडे रक्त नेते. बहुतेकांत ती जवळजवळ सरळ चढते. काहींत नागमोडी जाते, काहींत वेटोळे घालते, तर काहींत पाण्याच्या नळीसारखी एका जागी मोडते. वायबेल आणि फील्ड्स यांनी १९६५ मध्ये केलेली ही तीन प्रकारांची विभागणी आजही वापरली जाते. काहींना हा आकार जन्मतः असतो, काहींत तो वय आणि जुना रक्तदाब यांच्यासोबत येतो. वळणाच्या बाहेरच्या बाजूने रक्त मुळातच वेगाने धावते. शिवाय ध्वनिलहरी आणि प्रवाह यांच्यातील कोन ६० अंशांच्या आत ठेवावा लागतो; जिथे वाहिनीच दिशा बदलते, तिथे प्रवाहाची नेमकी दिशा कोणती धरायची हा तपासणाऱ्याच्या हाताचा आणि नजरेचा प्रश्न उरतो. म्हणजे वाहिनी आतून मोकळी असूनही आकडा फुगू शकतो.

सीटी अँजिओग्राफीही तिथेच झाली; तीत शिरेतून औषध सोडून रक्तवाहिन्यांची पातळ कापांसारखी क्ष-किरण चित्रे काढतात. (त्यापूर्वी मूत्रपिंडांचे काम दाखवणारी क्रिएटिनिनची तपासणी करून घ्यावी, आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर ते आधीच सांगावे, मी ऐन वेळी सांगितले आणि माझी वेळ पुढे ढकलली गेली.) तिच्या अहवालात ‘पिळासह वक्रता, महत्त्वाचा अरुंदपणा दिसत नाही’ एवढीच ओळ होती. एक अहवाल ब्लॉकेज आहे म्हणत होता आणि दुसरा नाही, म्हणून मी दुसऱ्या ठिकाणच्या रक्तवाहिनी शल्यविशारदांकडे गेले. त्यांनी दोन्ही कागद बाजूला सारले. “मला मूळ चित्रं हवीत. एक मिलिमीटरहून पातळ काप, सगळेच्या सगळे,” एवढेच ते म्हणाले.

इथून पुढचे एकोणीस दिवस मी रुग्णालयाच्या अभिलेख खिडकीसमोर घालवले. पहिल्या दिवशी अर्ज दिला, तेव्हा त्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांची सही हवी असे कळले आणि ते डॉक्टर आठवड्यातून दोनच दिवस बाह्यरुग्ण विभागात बसत असत. सही आणली, तर शुल्क भरण्याची खिडकी दुपारी बंद. चौथ्या खेपेला सीडी हाती आली. घरी मुलाने ती संगणकात घातली, तेव्हा आत एकच पीडीएफ फाइल होती: तोच छापील अहवाल, किंचित तिरका स्कॅन केलेला. खिडकीवर परत गेले, तर “मॅडम, सीडीत सगळं आहे, तुमच्या कॉम्प्युटरला उघडत नसेल,” हे उत्तर. दुसऱ्या सीडीसाठी नवा अर्ज, नवी सही, नवे शुल्क. तिच्यात बावीस निवडक चित्रे होती. शल्यविशारदांनी ती पाहिली आणि मान हलवली, कारण अंतर्गत कॅरोटिडच्या मुळाशी मागच्या भिंतीवर कधी कधी पातळ पडद्यासारखी कड असते, तिच्या आडोशाला गुठळी धरते, आणि अशी कड निवडक चित्रांत सहज निसटते. डॉप्लरलाही ती चुकू शकते. तुलनेने तरुण वयात कारण न सापडणाऱ्या पक्षाघातामागे ही कड असू शकते, म्हणून ती नाही याची त्यांना खात्री हवी होती.

तिसऱ्या वेळी मी खिडकी टाळून थेट सीटी विभागात गेले आणि तिथल्या तंत्रज्ञाला ‘सर्व पातळ कापांच्या डायकॉम फाइल’ (यंत्रातली मूळ चित्रे ज्या स्वरूपात साठवतात त्या फाइल) अशा नेमक्या शब्दांत मागणी केली. दहा मिनिटांत सीडी तयार झाली. खरे तर चाचणीचे पैसे भरतानाच ही मागणी करून ठेवावी आणि सीडी तिथेच उघडून पाहावी.

शल्यविशारदांनी पडद्यावर ती धमनी फिरवून दाखवली. एका जागी ती साधारण काटकोनात मोडली होती, मात्र आतली पोकळी शेवटपर्यंत मोकळी होती आणि कडही नव्हती. असा पिळ कोणताही त्रास नसलेल्या अनेकांतही आढळतो, त्यामुळे त्यालाच दोषी ठरवण्याआधी हृदयाची लय तपासू, असे ते म्हणाले. उजवा डोळा आणि मेंदूच्या उजव्या बाजूकडून चालणारा डावा हात, ही दोन्ही लक्षणे याच धमनीशी जुळत असल्याने गरज पडल्यास शस्त्रक्रियेचा विचार पुन्हा करता येईल, हेही त्यांनी स्पष्ट केले. तूर्त ॲस्पिरिन, कोलेस्टेरॉल कमी करणारे स्टॅटिन आणि रक्तदाबावर नियंत्रण एवढे चालू आहे. मानेला झटके देणारे मालीश कटाक्षाने बंद आहे. छातीवर होल्टर, म्हणजे हृदयाची लय सतत नोंदवणारे छोटे यंत्र, लावून दोन दिवस झाले आहेत. पहिल्या दोन सीडींचे शुल्क परत मिळावे म्हणून केलेल्या माझ्या अर्जावरही उपचार करणाऱ्या डॉक्टरांची सही लागेल, असे काल त्याच खिडकीवरून कळले.